पार्सल किती दिवसांत पोचेल आणि किती पैसे पडतील? मसाले-फराळ पाठवणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही कराडहून घरगुती मसाले, मेतकूट, चटण्या आणि दिवाळीत फराळ पाठवता, गिऱ्हाईक ऑर्डर द्यायच्या आधीच विचारतं "किती दिवसांत येईल आणि पार्सलचे किती लावाल", तुम्ही अंदाजाने एक आकडा सांगता आणि महिनाअखेरीस बघता तर नफ्यातला बराचसा भाग पाठवणावळीतच गेलेला असतो. शिवाय फौजेतल्या भावाला पार्सल पाठवायचं तर काय, आणि हा अंदाज नीट काढायची काही पद्धत आहे का. आहे, आणि ती अवघडही नाही, फक्त जरा लांबलचक आहे. मी बरीच वर्षं डिस्पॅचचंच काम करतोय, आधी पुस्तकं आणि आता बचत गटांचा खाण्याचा माल, त्यामुळे जे सांगतोय ते काउंटरवर उभं राहून बघितलेलं आहे.

आधी एक समज डोक्यातून काढा. आपल्याला वाटतं गाव जितकं लांब तितका खर्च जास्त आणि दिवस जास्त. थोडंफार खरंय, पण तुमच्या मालाच्या बाबतीत अंतर हा त्यातल्या त्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे. पैसे जातात ते खोक्याच्या आकारात आणि वजनाच्या स्लॅबमध्ये (म्हणजे दराच्या टप्प्यांत), आणि दिवस जातात ते दोन टोकांना, म्हणजे तुमच्याकडून माल निघताना आणि तिकडे शेवटच्या पोस्टापासून घरापर्यंत. मधला प्रवास बहुतेक वेळा ठीक होतो.

पटत नसेल तर स्पीड पोस्टचे डॉक्युमेंटचे दर बघा, १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेले. ५० ते २५० ग्रॅमला २०० किलोमीटरपर्यंत ५९ रुपये, २०० ते ५०० ला ६३, ५०० ते १००० ला ६८, १००० ते २००० ला ७२ आणि त्याच्या पुढे भारतात कुठेही ७७, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे कराडहून पुण्याला ५९ आणि पार गुवाहाटीला ७७, फरक १८ रुपयांचा. हे दर कागदपत्रांचे आहेत, तुमच्या मसाल्याच्या पार्सलला लावू नका, पार्सलचे वेगळे असतात आणि ते इंडिया पोस्टच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही पिनकोड, वजन आणि मापं टाकून त्या दिवशीचेच बघायचे. मी आकडे दिले ते टप्पे कसे असतात हे कळावं म्हणून. पार्सलमध्ये गंमत अशी की वजन वाढत जातं तसं अंतर टोचायला लागतं, कारण पुढच्या प्रत्येक वजनाच्या टप्प्याला लांबच्या गावाचा दर जास्त. अर्धा किलोला दिल्ली परवडते, पाच किलोला घाम फुटतो.

टप्प्यांमुळे अजून एक होतं जे लोकांच्या लक्षात येत नाही. कराडहून नागपूर आणि कराडहून बेंगळुरू पोस्टाच्या हिशोबात एकाच टप्प्यात, दोन्ही ५०० ते १००० मध्ये. आणि बेळगाव २०० च्या आत, म्हणजे पुण्याच्या बरोबरीला. आपण "महाराष्ट्रात इतके, बाहेर इतके" असा दर सांगतो ना, पोस्टाला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही, ते किलोमीटर बघतं. कुरिअरवाले आणि शिपरॉकेटसारखी, अनेक कुरिअरचे दर एकत्र दाखवणारी, अ‍ॅपं मात्र झोन बघतात: शहरातल्या शहरात एक, त्याच राज्यात किंवा जवळपास दुसरा, मेट्रो ते मेट्रो तिसरा, बाकी देश चौथा, आणि ईशान्य भारत-जम्मू-काश्मीर सगळ्यात महाग पाचवा. त्यामुळे नागपूरला कुरिअर स्वस्त पडेल आणि बेळगावला पोस्ट, असं उलटसुलट होऊ शकतं. एकच कंपनी सगळीकडे स्वस्त असं कधीच नसतं, दोन्हीचे दर शेजारी ठेवून एकदा तक्ता करून भिंतीला लावायचा.

आता वजन. तुम्ही अर्ध्या किलोचं पाकीट विकता असं लिहिलंय. हे पाकीट तुम्हाला कायम मार खायला लावणार, कारण स्लॅब बहुतेक ठिकाणी अर्ध्या अर्ध्या किलोचे आणि तुमचा ५०० ग्रॅम मसाला, अधिक आतली पिशवी, अधिक बाहेरची पिशवी नाहीतर खोकं, अधिक टेप, झालं ५६०-५८० ग्रॅम आणि बिल लागलं एक किलोचं. एकतर ४०० ग्रॅमचं पाकीट करा, सगळं मिळून साडेचारशेच्या आसपास बसतं, नाहीतर सरळ दोन पाकिटं मिळून किलोच्या आत बसतील असा सेट विका. मसाल्याच्या भावापेक्षा हा बदल जास्त पैसे वाचवतो, आणि एक डिजिटल काटा घ्या ग्रॅममध्ये दाखवणारा, भाजीचा काटा नको. पॅकिंग झाल्यावर, टेप लावल्यावर, लेबल चिकटवल्यावर वजन करायचं, आधी नाही.

खोकं हा तर वेगळाच विषय. फराळात सगळ्यात जास्त फसवणारा पदार्थ चिवडा. वजनाला काही नाही आणि जागा मात्र सगळी खातो. कुरिअरवाले दोन वजनं काढतात, एक काट्यावरचं आणि एक मापाचं, म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, उत्तर किलोत, आणि दोन्हीत जे जास्त त्याचे पैसे. भागायचा आकडा कंपनीनुसार बदलू शकतो, करारात किंवा अ‍ॅपमध्ये बघून घ्या, पण ५००० सगळ्यात जास्त चालतो. पोस्टाच्या काउंटरवरही पार्सल बुक करताना मापं विचारतात, तेव्हा तीही घरून लिहून न्या.

उदाहरण घ्या. चिवडा, चकली, शंकरपाळी, थोडे लाडू असं सगळं मिळून खोक्यासकट १.८ किलो झालं. खोकं घेतलं ३० बाय २५ बाय २० चं, कारण घरात तेच पडलेलं होतं. १५००० भागिले ५०००, तीन किलो. तुम्ही १.८ पाठवताय आणि पैसे तीनचे. तोच माल ३० बाय २० बाय १५ मध्ये बसवला तर ९००० भागिले ५०००, बरोबर १.८, म्हणजे दोन किलोच्या स्लॅबमध्ये. आता हेच छोटं खोकं तुम्ही दाबून भरलं आणि ते लांबी, रुंदी, उंची तिन्हीत दोन दोन सेंटिमीटर फुगलं तर माप होतं ३२ बाय २२ बाय १७, भागून येतं जवळपास २.४ किलो, गेलं अडीचच्या स्लॅबमध्ये. कुरिअरच्या हबमध्ये, म्हणजे माल वेगळा करायच्या केंद्रात, मशीन मापतं, त्याला फुगवटा पण दिसतो, आणि मग आठवडाभराने अ‍ॅपमध्ये "वेट डिस्क्रिपन्सी" (वजनातली तफावत) म्हणून जादा पैसे कापलेले दिसतात. ते भांडून परत मिळवायचे असतील तर पार्सल काट्यावर ठेवलेला एक फोटो आणि मापपट्टी लावलेला एक फोटो असे दोन फोटो दर वेळी काढून ठेवायचे. कंटाळवाणं आहे पण पैसे मिळतात.

चिवड्याच्या पाकिटात हवा भरून फुगवून सील करायची सवय असेल तर लांबच्या ऑर्डरला ती बंद करा. चकलीला मात्र हवा लागते नाहीतर चुरा पोचतो. म्हणजे चकली डब्यात आणि चिवडा त्याच्या आजूबाजूच्या फटीत, असं भरलं की बबल रॅपही कमी लागतो. खोकं पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचं, घ्या फराळाला, मसाल्याला तीन प्लाय चालतं, आणि नुसता मसाला असेल तर खोकंच नको, जाड कुरिअर बॅग पुरे. जुन्या पद्धतीने कापडात शिवून पाठवणारे अजून आहेत, मजबूत असतं, पण शिवायला जो वेळ जातो त्याची किंमत धरा. आणि पॅकिंगचा खर्च पाठवणावळीतच धरायचा: खोकं, टेप, लेबल, आतली पिशवी. एका पार्सलला तो किती येतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, कारण खोकी एकदम शंभर आणलेली असतात आणि टेप घरातली असते. बसून एकदा काढा.

लोणचं आणि तेलाच्या चटण्या यांचं वेगळं. गळणारी वस्तू विमानाने न्यायला कुरिअरवाले का-कू करतात, काही सरळ नाही म्हणतात, त्यामुळे ती सरफेसने, म्हणजे जमिनीवरून, पाठवायची आणि दिवस जास्त सांगायचे. बरणी काचेची नकोच.

खर्चाचं अजून थोडं राहिलं. अ‍ॅपवर दिसणारा दर जीएसटीसकट आहे का त्याशिवाय हे बघा, १८ टक्के म्हणजे शंभरावर अठरा, दोनशे पार्सलांना ती रक्कम मोठी होते. फ्युएल सरचार्ज (इंधनाचा जादा आकार) वेगळा लावतात का बघा. काही खेड्यांच्या पिनकोडला कुरिअरवाले "आउट ऑफ डिलिव्हरी एरिया" म्हणून जादा घेतात किंवा जातच नाहीत, तिथे पोस्टच. आणि कॅश ऑन डिलिव्हरी. ताई, खाण्याच्या मालाला सीओडी ठेवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. समजा एका पार्सलला जायचे ८० आणि परत यायचे ८०. दहा ऑर्डरींपैकी दोन लोकांनी घेतल्याच नाहीत, तर जायचे ८०० आणि परतीचे १६०, झाले ९६०, आणि पैसे मिळाले आठ जणांकडूनच, म्हणजे एका विकलेल्या पार्सलला खरी पाठवणावळ पडली १२०. वर सीओडीची फी वेगळी. आणि परत आलेल्या चकल्या तुम्ही कोणाला विकणार? पूर्ण पैसे आधी घ्यायचे, नाहीतर निदान पाठवणावळ तरी आधी.

मग गिऱ्हाईकाला कोणता आकडा सांगायचा? प्रत्येकाला वेगळा हिशोब करून सांगत बसलात तर दिवस त्यातच जाईल. मागच्या दोनतीन महिन्यांच्या ऑर्डरी काढा आणि कुठे किती गेल्या ते बघा. समजा दहातल्या सहा जवळच्या, सरासरी ७० रुपये, तीन लांबच्या शहरांत १०० रुपये, आणि एक एकदम दूर, १५० रुपये. ४२० अधिक ३०० अधिक १५०, ८७० रुपये, म्हणजे एका पार्सलला ८७. अधिक पॅकिंग. आता तुम्ही सगळ्यांना एकच दर लावू शकता, पण मग जवळचं गिऱ्हाईक जे तुमचं खरं गिऱ्हाईक आहे त्याला ते महाग वाटतं आणि लांबचं मात्र खूश. मी तीन दर ठेवायला सांगतो: पुणे-सातारा-सांगली-कोल्हापूर हा जवळचा पट्टा, बाकी महाराष्ट्र-गोवा आणि दक्षिणेतली शहरं, आणि उरलेला देश. ईशान्य भारत, अंदमान, लडाख असं आलं तर "बघून सांगते" म्हणायचं, तिथे अंदाज लावायचा नाही. फ्री शिपिंग लावायचं असेल तर ते किलोच्या वरच्या ऑर्डरला लावा, कारण पहिल्या अर्ध्या किलोचा दर सगळ्यात जड असतो आणि पुढचा टप्पा त्यामानाने हलका, त्यामुळे मोठ्या ऑर्डरवर तुम्हाला ते झेपतं.

आता दिवस, आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण पैसे कमीजास्त झाले तर तुम्ही सोसता, पण पार्सल उशिरा गेलं तर गिऱ्हाईक सुटतं.

पोस्टाच्या सनदेत, म्हणजे गिऱ्हाईकांना दिलेल्या सेवेच्या हमीपत्रात, स्पीड पोस्टचे ठरलेले दिवस दिलेले आहेत: लोकल एक-दोन दिवस, मेट्रो ते मेट्रो एक ते तीन, त्याच राज्यात एक ते चार, बाकी देशात चार ते पाच. पण बारकाईने वाचायचं, हे दिवस मोजताना बुकिंगचा दिवस आणि सुट्ट्या धरत नाहीत. म्हणजे तुम्ही शुक्रवारी दुपारी बुक केलं तर शुक्रवार गेला, शनिवार पहिला दिवस, रविवार गेला, सोमवार दुसरा. गिऱ्हाईकाच्या डोक्यात सोमवारी चौथा दिवस चालू असतो आणि पोस्टाच्या डोक्यात दुसरा. बहुतेक तक्रारी या फरकातून येतात. म्हणून "चार दिवस" असं कधी लिहायचं नाही, तारीख लिहायची. "मंगळवार १२ ते शुक्रवार १५ च्या दरम्यान" असं सांगितलं की वाद संपला.

पहिलं टोक तुमचं. तुमच्या पोस्ट ऑफिसातून टपालाची बॅग किती वाजता बंद होते हे काउंटरवरच्या बाईंना विचारलंत का कधी? विचारा, सांगतात. त्या वेळेनंतर बुक केलेलं पार्सल पावती आजची देतं आणि निघतं उद्या. छोट्या पोस्टाची बॅग दुपारीच जाते, हेड ऑफिसची जरा उशिरा, आणि मोठ्या रेल्वे स्टेशनांवर आरएमएसची (पोस्टाच्या रेल्वे मेल सर्व्हिसची) जी काउंटरं असतात तिथे संध्याकाळी उशिरापर्यंत बुकिंग घेतात. तुमच्या घराजवळचं पोस्ट सोयीचं असेल पण हेड ऑफिसला गेलात तर एक अख्खा दिवस वाचू शकतो, पुण्याला पाठवताना एक दिवस म्हणजे खूप. आणि तुमचं स्वतःचं: ऑर्डर आल्यापासून मसाला कांडून, भरून, पॅक होऊन पोस्टात जाईपर्यंत किती दिवस? गिऱ्हाईकाला तो वेळ पण पोस्टाचाच वाटतो. आठवड्यातले दोन दिवस डिस्पॅचचे ठरवा, सोमवार आणि गुरुवार समजा, म्हणजे मग तारीख सांगणं सोपं होतं, आणि शनिवारी पाठवायचं टाळा, माल रविवारभर कुठल्यातरी बॅगेत पडून राहतो.

मधल्या प्रवासाबद्दल एवढंच की पार्सल सरळ रस्त्याने जात नाही, ते आधी सॉर्टिंग हबला जातं, तिथून दुसऱ्या हबला, मग खाली. त्यामुळे ट्रॅकिंगमध्ये उलट्या दिशेचं गाव दिसलं म्हणून गिऱ्हाईकाने फोन केला तर घाबरू नका, तसंच असतं. स्पीड पोस्टचा नंबर १३ अक्षरांचा, सुरुवातीला ई असलेली दोन अक्षरं, मधे नऊ आकडे, शेवटी आयएन, तो बुक झाल्याबरोबर गिऱ्हाईकाला व्हॉट्सअ‍ॅप करा, पावतीचा फोटो नको, नंबर टाइप करून, कॉपी करता आला पाहिजे. "बॅग्ड" किंवा "डिस्पॅच्ड" दिसून दोन-तीन दिवस काहीच हललं नाही तर मात्र तक्रार टाकायची, वाट बघत बसायचं नाही.

दुसरं टोक म्हणजे पोचायचं ठिकाण, आणि इथे पिनकोड वाचता आला पाहिजे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, पहिले दोन मिळून सर्कल (पोस्टाचा प्रादेशिक कारभार), पहिले तीन सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन ज्या पोस्टातून वाटप होतं त्याचे. महाराष्ट्र ४० ते ४४ मध्ये येतो आणि गोवा ४०३, तोही पोस्टाच्या महाराष्ट्र सर्कलमध्येच. पण पहिले तीन आकडे सारखे दिसले म्हणून गाव जवळ असं समजू नका. तुमचं कराड ४१५ मध्ये, चिपळूण आणि रत्नागिरीही ४१५ मध्येच, आणि मधे अख्खा सह्याद्री. ४१६ मध्ये कोल्हापूर आणि मिरज, पण सावंतवाडी-कुडाळही त्यातच. पावसाळ्यात घाटात दरड आली की कोकणचं पार्सल पुण्याच्या पार्सलापेक्षा दोन दिवस मागे पडतं, कोकण रेल्वेच्या गाड्याही त्या महिन्यांत वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगात धावतात. जून ते सप्टेंबर कोकणासाठी मी दोन दिवस आधीच वाढवून सांगतो.

आणि खेडी. पत्त्यावरचा पिनकोड मोठ्या गावच्या सब ऑफिसचा असतो आणि त्याच्याखाली बरीच ब्रँच ऑफिसं येतात. पार्सल सब ऑफिसला सकाळी आलं की तिथून ब्रँच ऑफिसला जाणार, आणि तिथले ग्रामीण डाकसेवक ते घरी देणार, यात सहज एक दिवस वाढतो, कधी दोन. ट्रॅकिंगमध्ये तालुक्याच्या गावी "रिसीव्ह्ड" दिसलं म्हणजे आज येणार असं सांगू नका. खेड्यातलं पार्सल पोचण्याचं खरं गणित पत्त्यावर आहे: वडगाव नावाची गावं प्रत्येक तालुक्यात सापडतील, म्हणून मु., पो., ता., जि. चारही लिहून घ्यायचं, पोस्ट वेगळं असेल तर पोस्टाचं नाव नक्की, आणि चालू असलेला मोबाइल नंबर. शहरात उलटा त्रास, पिनकोड बरोबर, पार्सल वेळेत, पण सोसायटीच्या गेटवर फोन उचलला नाही म्हणून परत. ऑर्डर घेतानाच विचारा, "दिवसा घरी कोणी असतं का, नसेल तर ऑफिसचा पत्ता द्या." या एका प्रश्नाने परत येणारी पार्सलं बरीच कमी होतात.

सुट्ट्या फक्त आपल्याकडच्या बघून चालत नाही. दुर्गापूजेत कोलकाता, ओणमला केरळ, छठला पाटणा, त्या आठवड्यात तिकडची डिलिव्हरी संथ होणार. आपला गणपती आणि त्यांचा ओणम कधी कधी एकाच सुमारास येतात, तेव्हा दोन्ही टोकांना ढिलाई.

आता एक वही करा, किंवा मोबाइलवर शीट. रकाने पाचच: पिनकोडचे पहिले तीन आकडे, बुकिंगची तारीख आणि वेळ, पोचल्याची तारीख, वजन, लागलेले पैसे. बास. एखाद्या भागात वीसेक पार्सलं झाली की ती दिवसांच्या क्रमाने लावा, सगळ्यात लवकर पोचलेलं वर. अठराव्या नंबरचं किती दिवसांत पोचलं ते बघा. समजा सरासरी चार दिवस येते आणि अठरावं सहा दिवसांत पोचलंय, तर गिऱ्हाईकाला सहा सांगायचे, चार नाही. सरासरी सांगितली तर जवळपास निम्म्या लोकांना तुम्ही उशीर केलेला असतो, आणि लवकर पोचल्याबद्दल कोणी भांडत नाही. पोस्टाची सनद, कुरिअरच्या अ‍ॅपमधली "अंदाजे तारीख" या सगळ्यापेक्षा तुमच्या वहीतला आकडा खरा, कारण तो तुमच्याच पोस्टाचा, तुमच्याच गिऱ्हाईकांच्या पत्त्यांचा आहे. दर सहा महिन्यांनी पुन्हा काढा. ऑक्टोबरचा वेगळा ठेवा, दिवाळीचा आकडा वर्षभराच्या आकड्यात मिसळला की दोन्ही बिघडतात.

जवळच्या आणि घाईच्या ऑर्डरीला एसटीचं पार्सल विसरू नका. पुणे, मुंबई, कोल्हापूरला सकाळी स्टँडवर दिलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तिकडच्या स्टँडवर मिळतं, ट्रॅव्हल्सवालेही नेतात. घरपोच नाही, समोरच्याला जाऊन घ्यावं लागतं, आणि ट्रॅकिंग नावाला. पाच-सात किलो फराळाला मात्र बहुतेक वेळा हेच स्वस्त.

पैठणीसारखी महाग वस्तू पाठवणाऱ्यांसाठीही एक. स्पीड पोस्ट हरवलं किंवा आतला माल खराब झाला तर भरपाई मिळते ती भरलेल्या स्पीड पोस्ट खर्चाच्या दुप्पट किंवा १००० रुपये, दोन्हीत कमी असेल ती. दहा हजारांच्या साडीला त्यातून काय मिळणार? विमा उतरवा, काउंटरवर मागावा लागतो, आपणहून कोणी विचारत नाही. आणि पुस्तकं पाठवणाऱ्यांनी ज्ञान पोस्ट ही पोस्टाची पुस्तकांसाठीची सेवा बघा, १ मे २०२५ पासून सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. सरफेसने जातं त्यामुळे हळू, पण ट्रॅक होतं. शैक्षणिक, धार्मिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठी आहे, त्यात मसाल्याचं पाकीट सरकवू नका, जाहिरातीची पत्रकंही नकोत.

शेवटी तुमच्या प्रश्नातला फौजी भावाचा भाग. पत्त्यात ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) आणि पिनकोड ९ ने सुरू, तर ते लष्कराच्या डाक सेवेचं. तिथे खाजगी कुरिअर जात नाही, पोस्टच. नागरी पोस्ट ते लष्कराच्या डाक सेवेकडे सोपवतं आणि पुढे युनिट जिथे असेल तिथे ते जातं, त्यामुळे दिवसांचा अंदाज कोणीच देऊ शकत नाही, आणि मालावर गावाचं नाव घालायचा आगाऊपणाही करायचा नाही, नंबर, हुद्दा, नाव, युनिट, एपीओ, पिनकोड एवढंच. सातारा जिल्ह्यातून अशी पार्सलं भरपूर जातात. टिकणारा माल ठेवा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, शेव, चटण्या कोरड्या, ओल्या नारळाचं काही नको. दिवाळीचा फराळ असेल तर दसऱ्याच्या आधी पोस्टात पडला पाहिजे, बाकी देशातल्या शहरांना दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी, आणि पुण्या-मुंबईला वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात. या तीन तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहा आणि ऑर्डरी घ्यायची शेवटची तारीख प्रत्येकीच्या चार दिवस मागे ठेवा, तळायलाही वेळ लागतो.